महोत्सवाची मोहोर आणि मराठी स्वतंत्र चित्रपट

मराठी चित्रपटांच्या जाहिरातीत गेल्या वीसेक वर्षांत एक खूण रूढ झाली आहे. शीर्षकाच्या वर दोन पानेरी डहाळ्यांची कमान, कमानीच्या आत एखाद्या परदेशी शहराचे नाव आणि साल. प्रेक्षकाला त्या शहरात नेमके काय घडले हे ठाऊक नसते. चित्रपट ‘बाहेर गाजला’ एवढाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतो. स्वतंत्र चित्रपटकर्त्याच्या दृष्टीने मात्र ही कमान सजावटीची वस्तू नव्हे. ज्याच्यापाशी तारांकित नट नाही, वाहिनीचे पाठबळ नाही आणि वितरकाचे वचनही नाही, त्याच्या हातात ती एकमेव मोहोर असते. तिची किंमत कोण ठरवितो, ती मिळविण्यासाठी चित्रपटाला काय द्यावे लागते आणि मिळाल्यावर तो चित्रपट ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचतो काय, या प्रश्नांची चिकित्सा प्रस्तुत लेखात काही निवडक मराठी कृतींच्या आधारे केली आहे.

येथे ‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा शैलीच्या अर्थाने वापरलेली नाही. मोठ्या निर्मितिसंस्थेच्या आगाऊ भांडवलावाचून उभा राहिलेला, प्रदर्शनाची हमी नसताना पूर्ण झालेला चित्रपट, असा तिचा साधा अर्थ घेतला आहे. आनंद पटवर्धनांचे माहितीपट व चैतन्य ताम्हाणे यांचा कथापट या अर्थाने एकाच वर्गात येतात. शैलीच्या अर्थाने ते तसे येणार नाहीत.

मोहोर एक, अर्थ तीन

महोत्सवातील सहभागाविषयी आपल्याकडे एक घोटाळा सातत्याने होतो. फ्रान्समधील कान येथे दरवर्षी दोन स्वतंत्र गोष्टी एकाच वेळी चालतात. एक, निवडसमितीने निवडलेल्या चित्रपटांचा महोत्सव. दुसरी, चित्रपटांच्या हक्कांची खरेदी-विक्री करणारा बाजार. बाजारात नोंदणी करून, शुल्क भरून कोणाही निर्मात्याला सभागृह घेता येते व आपला चित्रपट ग्राहकांना दाखविता येतो. २०१६ पासून महाराष्ट्र शासनाने निवडक मराठी चित्रपट कानच्या या बाजारात पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. उपक्रम म्हणून त्यात गैर काहीच नाही. मराठी निर्मात्याला परदेशी वितरक प्रत्यक्ष भेटावा, हा हेतू रास्तच आहे. परंतु वृत्तपत्रांतून त्याची बातमी बहुधा ‘कान महोत्सवात मराठी चित्रपट’ अशी येते आणि बाजारातील गाळा व स्पर्धेतील आसन यांतील अंतर पुसले जाते.

तिसरा प्रकार याहून गौण, पण संख्येने मोठा. प्रवेशिका संगणकाद्वारे पाठविण्याची सोय झाल्यापासून असंख्य लहान ‘महोत्सव’ निघाले आहेत. त्यांतील अनेकांचे प्रेक्षागृह कोणी पाहिलेले नसते. प्रवेशशुल्क घ्यावे, महिन्याकाठी विजेते जाहीर करावेत आणि डहाळ्यांची कमान पाठवून द्यावी, असा त्यांचा व्यवहार आहे. लघुपट करणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांच्या खिशाला त्याची झळ सर्वाधिक बसते. महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत अशा पारितोषिकांची नोंद ‘आंतरराष्ट्रीय’ या रकान्यात होते, हे येथे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

तेव्हा मोहोर दिसते एकच, पण तिच्यामागे कधी परीक्षकांचा विवेक असतो, कधी शासकीय योजना, कधी केवळ भरलेली पावती. पुढील विवेचन पहिल्या प्रकारापुरतेच मर्यादित आहे. कारण वाङ्मयीन अर्थाने विचार करण्याजोगे प्रश्न तेथेच निर्माण होतात.

उलटलेला क्रम

‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’चा (१९३६) व्हेनिस येथे १९३७ साली गौरव झाला, ही गोष्ट मराठी माणसाला अभिमानाने सांगितली जाते. तिच्यातील क्रम मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. तो चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. दामले-फत्तेलालांना व्हेनिसच्या प्रशस्तिपत्राची वाट पाहावी लागली नाही. वारकऱ्याने आणि गिरणी कामगाराने तो अगोदरच आपला मानला होता. व्हेनिसने त्या मान्यतेवर शिक्का उमटविला, मान्यता निर्माण केली नाही.

हा क्रम पुढे उलटला. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ १९५५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात दाखविला गेला आणि कलकत्त्यात तो ऑगस्टमध्ये लागला. पुढच्या वर्षी कानने त्याला गौरविले. भारतीय कलात्मक चित्रपटाचा प्रवास त्यानंतर बव्हंशी याच वाटेने झाला. मराठीत हा बदल स्पष्टपणे जाणवू लागला तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’पासून. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी सुवर्णकमळ मिळविणारा हा मराठी चित्रपट २००४ मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका ठरला आणि तेथील प्रचारासाठी महाराष्ट्रातून लोकवर्गणी गोळा झाली. मराठी समाजाने एखाद्या चित्रपटाच्या तिकिटासाठी नव्हे, तर परदेशातील त्याच्या परीक्षकांपर्यंतच्या प्रवासासाठी पैसे द्यावेत, हे दृश्य अपूर्व होते. त्यातील आपुलकी खरी होती. पण निर्णय बाहेर होणार आणि आपण त्यासाठी शिदोरी बांधून द्यायची, ही भूमिकाही तेव्हाच पक्की झाली.

पुढील काही तारखा पुरेशा बोलक्या आहेत. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला बर्लिन येथे फेब्रुवारी २०१४ मध्ये बालपरीक्षकांचे ‘क्रिस्टल बेअर’ मिळाले; महाराष्ट्रात तो जून २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोला गेला व तेथे ‘नेटपॅक’ पारितोषिकाचा मानकरी ठरला. चित्रपटगृहात तो आला मार्च २०२५ मध्ये. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च परीक्षक पारितोषिक पटकावले आणि त्याच सप्टेंबरात तो भारतात लागला. आठ महिने ते दीड वर्ष असे हे अंतर आहे.

अंतराचे एक कारण नियमांत आहे. मोठे महोत्सव आपल्या स्पर्धेत शक्यतो असा चित्रपट घेतात, जो यापूर्वी अन्यत्र, निदान चित्रपटाच्या देशाबाहेर, दाखविला गेलेला नाही. काहींना तर जगातील पहिला खेळ आपल्याकडेच हवा असतो. परिणामी दिग्दर्शकाला हातातील चित्रपट झाकून ठेवावा लागतो. ज्या गावात चित्रीकरण झाले त्या गावच्या चावडीवर पडदा लावून तो दाखविण्याची इच्छा झाली, तरी पुढच्या निवडीच्या आशेने ती आवरती घ्यावी लागते. दुसरे कारण अर्थातच वितरणाचे. पारितोषिकानंतर वितरक शोधणे सुरू होते आणि तो मिळाला तरी खेळाची वेळ मिळत नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ देणे बंधनकारक करण्याची घोषणा केली; वादंग झाले आणि ‘मोक्याची वेळ’ या शब्दांची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ इतकी ऐसपैस करून विषय मिटविण्यात आला. व्हेनिसमध्ये दोन पारितोषिके आणि त्या वर्षीचे सुवर्णकमळ घेऊन ‘कोर्ट’ प्रदर्शित झाला तो याच महिन्यात.

‘महोत्सवी चित्रपट’ हा आक्षेप

अशा कृतींवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लांबलचक स्थिर दृश्ये, पार्श्वसंगीताचा अभाव, अव्यावसायिक नट, दारिद्र्य किंवा जात हा विषय आणि अनुत्तरित शेवट, ही परदेशी परीक्षकांना रुचणारी पाककृती होय, असे म्हटले जाते. आक्षेप सरसकट फेटाळण्याजोगा नाही. महोत्सवांशी जोडलेल्या संहिता-निधी, कार्यशाळा व प्रशिक्षण-योजना आता चित्रपटाच्या जन्माआधीच त्याच्या सोबतीला येतात. ‘कोर्ट’च्या संहितेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचे साहाय्य होते. जो पैसे देतो त्याची अभिरुची संहितेच्या समासात कोठेतरी उमटणारच. प्रश्न असा की, ती रूप ठरविते की रूपाला केवळ वाव देते? याचे उत्तर कृतीगणिक वेगळे येते आणि ते कृतीतूनच काढावे लागते.

‘कोर्ट’मधील कॅमेरा हलत नाही. तो न्यायालयाच्या मागील बाकावर बसलेल्या माणसासारखा एका जागी खिळलेला आहे. लोकशाहीर नारायण कांबळे याने गायिलेल्या गीतामुळे एका गटार-कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. आणि मग तारखांमागून तारखा. प्रकरण सरकत नाही तेव्हा कॅमेऱ्याने सरकावे कशासाठी? येथे स्थिरता हा सौंदर्यवादी हट्ट नसून विषयाचेच व्याकरण आहे. कामगाराच्या विधवेची साक्ष हे त्याचे उत्तम उदाहरण. नवरा दारू पीत असे, कारण दुर्गंधी सोसवत नसे. आत उतरण्यापूर्वी भोकात खडा टाकी व झुरळे बाहेर आली तर हवा आहे असे समजे. ही माहिती ती बाई कोणत्याही चढउताराविना, विचारले तेवढेच सांगावे तशी सांगते. संगीताची एक लकेर जरी मागे असती तरी ती साक्ष करुणरसाची याचना झाली असती.

याच्या तुलनेत ‘किल्ला’ पाहावा. वडील वारलेला मुलगा, बदलीची नोकरी करणारी आई, कोकणातील अनोळखी गाव. मुलाचा एकाकीपणा दाखविणाऱ्या जागा, विशेषतः किल्ल्यावर मित्र त्याला एकट्याला सोडून जातात तो प्रसंग, अस्सल आहेत. तथापि पावसाळी कोकणाची देखणी दृश्ये अनेकदा मुलाच्या नजरेतून सुटून प्रवाशाच्या नजरेत जातात. दिग्दर्शक स्वतः उत्तम छायालेखक आहे, हे येथे गुण आणि अडचण दोन्ही ठरते. म्हणजे ‘महोत्सवी’पणाचा दोष द्यायचाच तर तो संथ गतीत शोधू नये, जेथे दृश्य पात्राला सोडून पाहणाऱ्याची खुशामत करू लागते तेथे तो शोधावा. नागराज मंजुळे यांच्या ‘फॅन्ड्री’ने (२०१३) अशा खुशामतीला जे उत्तर दिले ते मराठी प्रेक्षकाला सांगावयास नको. जब्याने शेवटी भिरकावलेला दगड पडद्याबाहेर येतो तो लंडनच्या प्रेक्षागृहात बसलेल्यावर आणि सोलापूरच्या प्रेक्षागृहात बसलेल्यावर सारखाच. फरक इतकाच की, लंडनच्या प्रेक्षकाला तो दुसऱ्या कोणासाठी आहे असे समजण्याची सोय असते.

‘स्थळ’ची रचनाही पुनरावृत्तीवर उभी आहे. विदर्भातील कापूस पिकविणाऱ्या कुटुंबातील सविता समाजशास्त्र शिकते, स्पर्धा परीक्षेची स्वप्ने पाहते, आणि तिला ‘पाहायला’ एकामागून एक स्थळे येतात. पाट, त्यावर बसलेली मुलगी, समोर पुरुषांची रांग, तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची, मामेकुळ. आरंभीच्या स्वप्नदृश्यात हा खेळ उलटविला आहे, बायका बसल्या आहेत आणि मुलगा उत्तरे देतो आहे. प्रेक्षक हसतो. नंतर प्रत्येक फेरीला ते हसू कमी होत जाते. व्यावसायिक पटकथाकाराने दोन फेऱ्यांत उरकले असते असे हे प्रसंग दिग्दर्शक उरकत नाही आणि तेच बरोबर आहे. कारण अपमान एकदा होत नाही, तो पुन्हा पुन्हा चहा-पोह्यांसह होतो. टोरांटोच्या प्रेक्षकाला ही एक अपरिचित प्रथा वाटली असेल. मराठी प्रेक्षकगृहात मात्र प्रत्येक ओळीत कोणी तरी पाटावर बसलेली असते आणि कोणी तरी समोरच्या रांगेत.

उपशीर्षकांच्या खाली काय राहते

परदेशी मान्यतेची आणखी एक मर्यादा भाषेची आहे आणि समीक्षेत तिचा पुरेसा विचार झालेला नाही. ‘कोर्ट’मध्ये माणसे कोणत्या भाषेत बोलतात, हा चित्रपटाचा अर्धा आशय आहे. बचाव पक्षाचे वकील विनय वोरा घरी गुजराती बोलतात. सरकारी वकील नूतन बाई लोकलमध्ये आणि स्वयंपाकघरात मराठी बोलतात व न्यायालयात जुन्या कायद्याची कलमे इंग्रजीतून घडाघडा वाचून दाखवितात. ते इंग्रजी त्यांच्या तोंडात परके आहे. पण सत्ता त्याच परकेपणात आहे. सुट्टीच्या दिवशी त्या कुटुंबासह परप्रांतीयांची टर उडविणारे मराठी नाटक पाहतात व मनमुराद हसतात. मराठी प्रेक्षकाला तेथे अस्वस्थ व्हावे लागते, कारण ते हसू त्याच्या घरातले आहे. इंग्रजी उपशीर्षकांत या सर्व भाषा एकाच पांढऱ्या अक्षरांत सपाट होतात. व्हेनिसच्या परीक्षकांनी चित्रपटाला न्याय दिला यात शंका नाही. परंतु त्यांनी न्यायव्यवस्थेवरील चित्रपट पाहिला. भाषेने पाडलेल्या वर्गभेदावरील चित्रपट पाहण्याची पात्रता फक्त मुंबई-पुण्याकडच्या प्रेक्षकाची होती.

‘साबर बोंडं’ परदेशात ‘कॅक्टस पेअर्स’ या नावाने गेला. निवडुंगाच्या बोंडाचे हे वनस्पतिशास्त्रीय भाषांतर अचूक आहे. काटे काढून लहानपणी खाल्लेल्या, आता सहजी न मिळणाऱ्या फळाची आठवण त्यात नाही. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढणारा आनंद आणि शेतकरी बाल्या यांच्यातील प्रेम हा या चित्रपटाचा विषय. परदेशी परीक्षणांत भर साहजिकच समलिंगी प्रेमावर पडतो. सुतकाचे नियम, नातेवाइकांनी लग्नाचा धोशा लावणे, आईचे सगळे माहीत असूनही न बोलता पाठीशी राहणे, ही जी मराठी घराची बारीक वीण आहे ती सुतकात बसलेल्यालाच पुरती कळेल. म्हणून या कृतींवरील मराठी समीक्षेचे काम परदेशी परीक्षणांचे भाषांतर करणे हे नव्हे. दुर्दैवाने पुष्कळदा तेवढेच होते.

दुसरा मार्ग

महोत्सवाला शरण न जाताही स्वतंत्र चित्रपट आपला प्रेक्षक शोधू शकतो काय? याचे उत्तर कथापटापेक्षा माहितीपटाच्या इतिहासात अधिक स्पष्ट मिळते. फिल्म्स डिव्हिजनच्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात २००४ साली भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा घाट घातला गेला; परदेशी चित्रपटांना ही अट नव्हती. शेकडो माहितीपटकारांनी एकत्र येऊन विरोध केल्यावर अट मागे घेतली गेली, पण निवडीत अनेक अडचणीचे माहितीपट वगळले गेले. तेव्हा त्याच फेब्रुवारीत, त्याच परिसरात, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरला. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्युशन’ तेथे दाखविला गेला. त्याच वर्षी बर्लिनने त्याला पारितोषिक दिले, भारतात सेन्सॉरने तो अडविला आणि ऑक्टोबरमध्ये सोडला. मधल्या काळात दिग्दर्शकाने त्याच्या चकत्या वाटल्या व घेणाऱ्याने पुढे प्रती काढून वाटाव्यात असे आवाहन केले. परदेशातील मोहोर येथे शोभेची राहिली नाही, ती बंदीविरुद्धची ढाल झाली.

महोत्सव हे मुक्त व्यासपीठ असते असे गृहीत धरणाऱ्यांनी २०१७ चा गोव्यातील ‘इफ्फी’ही आठवावा. परीक्षक मंडळाने निवडलेले ‘एस. दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ हे दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून काढले आणि मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. भारतीय पॅनोरमाचे उद्घाटन ज्याने व्हायचे होते तो ‘न्यूड’ पुढे एप्रिल २०१८ मध्ये रीतसर प्रमाणपत्र घेऊन चित्रपटगृहांत लागला.

पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ची वाट आणखी निराळी. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील रमाबाई नगरात झालेला गोळीबार, त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांची आत्महत्या, येथून सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले. तीन तासांहून लांब असा हा माहितीपट २०११ मध्ये काठमांडूच्या महोत्सवात गौरविला गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत उघड्यावर पडदा लावून दाखविला गेला. पुढे वस्त्यावस्त्यांतून त्याचे खेळ झाले. शाहिरीचे तेच जग, पोलीस आणि न्यायालयाचे तेच जग ‘कोर्ट’मध्येही आहे, नारायण कांबळेच्या भूमिकेतील वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि त्यातील गीते संभाजी भगत यांची आहेत. पण चाळीतल्या प्रेक्षकासमोर जी गाणी म्हटल्यावर कोरस उठतो, ती बहुपडदा चित्रपटगृहात अडीचशे रुपयांच्या खुर्चीत बसून ऐकली जातात तेव्हा ती पुरावा म्हणून ऐकली जातात. दोन्ही ऐकण्यांना मोल आहे. त्यांतील एक सोपे व स्वस्त असूनही कथापटाच्या वाट्याला जवळपास येत नाही.

याचे कारण पुन्हा व्यवहारात आहे. कथापट विकला जातो तेव्हा त्याचे हक्क जातात. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी १९६८ पासून, पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाने रसास्वाद वर्गांतून आणि त्यांच्याकडून छापील प्रती मागवून गावोगावच्या चित्रपटमंडळांनी जी सवय लावली होती, तिला आधार होता तो भाड्याने मिळणाऱ्या रिळांचा. ‘द डिसायपल’ हे ताम्हाणे यांचे दुसरे चित्र २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत गेले. २००१ च्या ‘मान्सून वेडिंग’नंतर तेथे पोहोचलेला हा पहिला भारतीय चित्रपट, त्याला पटकथेचे पारितोषिकही मिळाले. एप्रिल २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. गुरू-शिष्य परंपरेच्या अपेशी टोकाविषयी मराठीत इतके निर्दय आणि तरीही संगीताविषयी इतके आदरयुक्त दुसरे चित्र नाही. संगीत, मानसशास्त्र व मराठी या तिन्ही विभागांनी तो वर्गात चर्चेला घ्यावा असा. परंतु वैयक्तिक वर्गणीचा परवाना सामूहिक प्रदर्शनाला लागू होत नाही. लातूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या प्राध्यापकाने शंभर विद्यार्थ्यांना तो रीतसर दाखवायचा म्हटले, तर महाविद्यालयाकडे सभागृह आहे, प्रक्षेपक आहे, भाडे भरण्याची तयारीही असू शकते; अर्ज कोणाकडे करायचा, एवढेच ठरलेले नाही.